एक घंटा जास्त

१

सकाळी दार उघडायच्या आधीच लोक रांगेत येऊन उभे राहायचे, आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "पडत नाही ना हो ही लिफ्ट?" हे विचारणाऱ्याला एकदा तरी पाडून दाखवावं, असं धाकटीला रोज वाटायचं. पण पोटापाण्याचा प्रश्न होता. ती तोंडावर हसू चिकटवायची आणि म्हणायची, "अजून तरी नाही पडली."

पन्नाशी उलटली तरी सगळे तिला धाकटीच म्हणायचे, कारण थोरला वर बसायचा. थोरला म्हणजे तिचा दादा. मनोऱ्याच्या वरच्या टोकाला ब्रेकवर तो, खालच्या टोकाला दारावर ही. आधी त्यांचे बाबा त्याच ब्रेकवर होते. बहीणभावाची समोरासमोर गाठ क्वचितच पडायची, पण फोनवर दिवसभर तंडणं चालू असायचं आणि त्यात दोघांचाही वेळ बरा जायचा.

"तर मंडळी, नीट ऐका, मी पुन्हा सांगणार नाही," अशी तिची सुरुवात. मग एका दमात सगळा इतिहास. खालचं गाव नदीकाठी, वरचं गाव कड्यावर, आणि मध्ये नुसता उभा दगड. माणसं पाठीवर ओझी घेऊन चढायची आणि गुडघे घालवून बसायची. मग एक इंजिनिअर आला. त्यानं कड्याला लागून हा लोखंडी मनोरा उभा केला. आत दोन डबे, एकाच दोराच्या दोन टोकांना बांधलेले, आणि वर भलंमोठं चाक. एक डबा खाली आला की दुसरा वर गेलाच पाहिजे. ना वाफ, ना वीज. प्रत्येक डब्याच्या पोटाखाली पाण्याची टाकी. वरच्या गावाच्या तळ्यातलं पाणी वरच्या डब्यात भरायचं. तो जड झाला की खाली येतो आणि खालच्याला वर ओढतो. खाली पोचला की पाणी नदीत सोडून द्यायचं. देशोदेशीचे लोक हे बघायला यायचे. आल्यावर बघायचे मात्र स्वतःचे फोटो.

"पाणी किती भरायचं ते वरच्याला कसं कळतं?" असा प्रश्न एखादा चौकस माणूस विचारायचाच. डब्यात जितकी माणसं, तितक्या घंटा धाकटी वाजवणार. दादा तितक्या वजनाचं पाणी भरणार. वरून माणसं यायची असली तर दादा तितक्या घंटा वाजवणार, म्हणजे खाली ही दाराशी तयार.

"आणि आता गंमत ऐका," ती म्हणायची. त्या गमतीला ती स्वतः कधीच विटली होती. पहिल्या चाचणीला इंजिनिअर स्वतः डब्यात बसला. पाणी बरोबर मोजून भरलं होतं, न जास्त न कमी. व्हायचं तेच झालं. दोन्ही डबे समसमान झाले आणि अधांतरी अडकले. सुटका झाल्यावर त्यानं पहिला हुकूम काढला, की मोजणीत कायम एक माणूस जास्त धरा. तेव्हापासून पाच चढले की सहा घंटा. "त्या सहाव्याला आम्ही जास्तीचा म्हणतो. तो कोण? कुणी नाही. नुसतं पाणी." इथे लोक हसायचे. मग ती दार लावायची, घंटा वाजवायची, आणि डबा निघाला की दोन मिनिटं शांततेची मिळायची.

त्या दिवशी तीही मिळाली नाहीत. फोन वाजला.

"किती पाठवलेस गं?" दादा.

"पाच. घंटा सहा. रोजचंच तर आहे."

"सहा उतरले."

"तुला मोजता येत नाही," धाकटी म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

२

मोजता येत नाही म्हणायला तिच्याकडे कारण होतं. दादाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टरांनी दोनदा तारीख दिली, दोनदा या माणसानं ती घालवली. कारण काय, तर ब्रेक कोण सांभाळणार. जसं काही हा जन्माला यायच्या आधी मनोरा उभाच नव्हता. दिसत नाही म्हणून जिना उतरायचा बंद झाला होता. वरच्याच खोलीत राहायचा, कुणी आणून दिलेलं जेवायचा, आणि सवयीच्या हातांनी ब्रेक ओढायचा. आवाजावरून आणि हाताला लागणाऱ्या ओढीवरून तो डब्याचं सगळं ओळखायचा, हे खरं. पण माणसं मोजायला डोळे लागतात.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चार चढले. वर पाच उतरले. तिसऱ्या वेळी तर धाकटीनं एकेकाच्या खांद्याला हात लावून मोजलं. एका गृहस्थांना ते आवडलं नाही. तिनं त्यांना सांगितलं, "मलाही आवडत नाही." वरून फोन आलाच. एक जास्त.

"कसा दिसतो रे तो जास्तीचा?" तिनं चिडवायला विचारलं.

"सगळ्यांच्या शेवटी उतरतो," दादा म्हणाला. त्यानं चिडवणं घेतलंच नाही, तेव्हा धाकटी जरा चपापली.

तिनं साहेबांना सांगून पाहिलं. साहेब म्हणजे कचेरीत बसून फक्त 'बघू' म्हणणारे गृहस्थ. ते म्हणाले, "तिकिटं बरोबर आहेत ना? मग झालं तर." तिला वाटलं, या माणसाला डब्यात बसवून मधोमध अडकवावं.

शेवटी ती स्वतःच वर गेली. घंटा वाजवायला तिकीट खिडकीवरच्याला उभं केलं, त्याला तीन तीनदा बजावलं, आणि चार प्रवाशांबरोबर डब्यात शिरली. ती धरून पाच. डबा दहा माणसांचा. तरी थोड्याच वेळात तिच्या बरगडीत एका जाड्या माणसाचं कोपर रुतलं होतं आणि एका बाईची पिशवी तिच्या पायावर. सगळे एका बाजूला दाटीवाटीनं उभे. पलीकडचा कोपरा अख्खा मोकळा.

"अहो, सरका की जरा," धाकटी वैतागून म्हणाली. "तिकडे एवढी जागा पडलीय."

कुणी सरकलं नाही.

"तिथे कुठे जागा आहे?" पिशवीवाली बाई म्हणाली. मग तिनं त्या कोपऱ्याकडे पाहिलं, आणि आपण असं का म्हणालो हे कळत नसल्यासारखी ओशाळली. पण सरकली नाहीच. धाकटी म्हणाली, मरू दे, मीच सरकते. आणि तीही सरकली नाही. पायावर पिशवी आहे म्हणून, असं तिनं मनाला सांगितलं.

मधोमध दुसरा डबा समोरून खाली गेला. त्याची खिडकी यांच्या खिडकीसमोर क्षणभर आली. आत कुणी नव्हतं. तिला उगाच बरं वाटलं.

वर ती सगळ्यांच्या आधी उतरली आणि दादाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. दादा ब्रेकवर हात ठेवून, मान जरा तिरकी करून पुटपुटत होता. "तीन. चार. पाच." डबा रिकामा झाला. दादाची मान मात्र वळत राहिली, दारापासून हळूहळू आतल्या दालनाकडे, चालणाऱ्या माणसाकडे बघावं तशी. "सहा."

"कुठे गेला?"

त्यानं हनुवटीनं बाक दाखवला. वरच्या दालनात भिंतीला लागून लांबलचक लाकडी बाक होता, खाली जाणाऱ्यांना बसायला. बाकावर कुणी नव्हतं. खाली जायला बरीच माणसं थांबली होती, एका बाईच्या कडेवर झोपलेलं मूल होतं, एक आजोबा काठीवर वाकले होते. एवढा मोठा बाक मोकळा, आणि सगळे उभे.

"बसा ना आजोबा," धाकटी म्हणाली.

"नको, नको," आजोबा म्हणाले. "गर्दी आहे."

धाकटीला संताप आला. डोकं फिरलंय सगळ्यांचं, म्हणत ती स्वतः बसायला तरातरा निघाली. बाकाजवळ पोचली, आणि आपले पाय काही इतके दुखत नाहीत असं तिच्या लक्षात आलं. परतताना ती डब्यातून आली नाही. लोखंडी जिना उतरली. गुडघ्यांनी आठवडाभर सूड घेतला.

३

यावर उपाय एकच, आणि तो इतका सोपा की आधी सुचला नाही याचा तिला राग आला. जास्तीची घंटा वाजवायचीच नाही. पाच चढले, पाच वाजवायच्या. बोलावलंच नाही तर येतो कसा, ते बघू. मग आपण काय विचार करतोय हे लक्षात येऊन तिनं स्वतःलाच दटावलं. बोलावलं म्हणे. पाण्याला कोण बोलावतं?

सकाळच्या पहिल्या फेरीला तिनं बरोबर मोजून घंटा दिल्या. डबा निघाला, आणि मधोमध थांबला.

थांबणारच होता. इतकी वर्षं रोज जी गोष्ट घसा फोडून लोकांना सांगितली, तीच ती विसरली होती. आत एक शाळेतल्या बाई आणि त्यांच्या मैत्रिणी होत्या. त्यांचे आवाज वरून ऐकू येत होते. धाकटी मान वर करून, घाम पुसत, "काही नाही, काही नाही" असं ओरडत राहिली. दादा फोनवर म्हणत होता, "मी काय करू? दोन्ही समसमान आहेत. माझा नळ काही तिथपर्यंत पोचत नाही." साहेब कचेरीतून बाहेर आले, वर बघितलं, आणि पुन्हा आत गेले.

मग डबा आपोआप हलला. हलक्या धक्क्यानं, कुणाचं तरी वजन कमी झाल्यासारखा, आणि वर गेला. समोरचा खाली आला. धाकटीनं दार उघडलं तेव्हा तो रिकामा होता.

"बरोबर उतरले," दादानं फोनवर सांगितलं. पण त्याच्या आवाजात समाधान नव्हतं.

शाळेतल्या बाई दुपारी खाली आल्या. धाकटीला वाटलं, आता तक्रार. पण बाई शांत होत्या. "तो कोपऱ्यातला माणूस सुखरूप आहे ना?" त्यांनी विचारलं.

"कुठला माणूस?"

"आमच्या डब्यातला. कोट, टोपी. चेहरा नाही पाहिला, पाठ आमच्याकडे होती. आम्ही अडकलो ना, तेव्हा तो उतरला. मगच तर डबा निघाला."

"बाई, वर पोचल्याशिवाय दार उघडत नाही," धाकटी म्हणाली. "आणि उघडलं तरी तिथे उतरणार कुठे?"

बाईंनी मैत्रिणींकडे पाहिलं, तर त्या आपापल्या पिशव्यांत काहीतरी शोधत होत्या.

साहेबांनी त्या दिवशी पहिल्यांदाच 'बघू' न म्हणता सरळ हुकूम दिला. एक घंटा जास्त वाजलीच पाहिजे. धाकटी मुकाट्यानं वाजवायला लागली.

४

"तुला एक सांगू का?" दादा म्हणाला. दुपारची सुट्टी होती. फोन त्याच्या खोलीत, ब्रेकच्या मागे. घास चावता चावता बोलायची त्याची सवय तिला मुळीच आवडायची नाही, पण आज तो जेवत नव्हता. "हे सगळे वर आले. यातला एकही परत गेला नाही."

"कोण सगळे?"

"खाली जाणाऱ्यांच्या घंटा मी वाजवतो. जितकी माणसं तितक्या. जास्तीची घंटा वर जातानाच असते, खाली जाताना लागत नाही. आपण इतकी वर्षं एकेकाला वर बोलावत आलो. आधी बाबा होते तेव्हाही. परत कुणी पाठवलं?"

"दादा, डोळ्यांचं आहे हे."

"डोळ्यांचंच आहे," तो म्हणाला. "तू परवा माझ्या शेजारी उभी होतीस. मला तुझा चेहरा दिसला नाही. नुसता ढग दिसला, आवाजावरून ओळखलं. येणारे जाणारे सगळे तसेच, धुकं चालल्यासारखे. हे मात्र मला स्पष्ट दिसतात. बाकावर बसलेत. त्यांच्या कोटांची बटणं दिसतात मला."

धाकटीला भीती वाटली, आणि भीती वाटली की ती नेहमी करायची तेच तिनं केलं. ती भडकली. काय लावलंय हे, म्हणाली. एकट्यानं राहायचं, डोळे सडवायचे, आणि वर भलतंसलतं बघत बसायचं. उद्या सकाळी तू खाली यायचंस. मी डॉक्टरांना सांगते, साहेबांकडून ब्रेकवर माणूस घेते. ऑपरेशन झालं की माझ्या घरी राहायचंस. नाही ऐकलंस तर मी तुझी बहीण नाही.

खरं म्हणजे डोळ्यांचं तिला आता एवढं पडलंच नव्हतं. त्या बाकासमोर तो एकटा बसलाय, आणि त्याला तिथून काढायचाय, एवढंच तिला कळत होतं. बाबा गेले तेव्हा दादानं तिला सांभाळलं होतं. शाळेत सोडायचा, रस्ता ओलांडताना तिचा हात इतका घट्ट धरायचा की बोटं दुखायची. त्याला आणायला आता तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

"जिना नाही जमायचा मला," दादा म्हणाला.

"डब्यातून ये. एकदा बसलास तर काही बिघडत नाही."

मग तो म्हणाला, "बरं. येतो. कचेरीतला माणूस आला की त्याच्या हातात ब्रेक देतो आणि बसतो. एकटाच येईन. एक घंटा."

"एक घंटा," धाकटी म्हणाली. तिला इतकं हलकं वाटलं की साहेबांशीही ती त्या दिवशी गोड बोलली.

५

सकाळी तिनं रांगेला बाहेरच थांबवलं. लोकांनी कुरकुर केली. तिनं सांगितलं, "माझा भाऊ येतोय, थांबा जरा, मनोरा कुठे पळून जात नाही." डॉक्टरांचे कागद तिच्या पर्समध्ये होते, रिक्षा दाराशी होती. कचेरीतला माणूस वर जायला निघाला की नाही हे विचारायला ती वळणार, तेवढ्यात वरून घंटा वाजली. एक.

"आला एकदाचा," ती म्हणाली. डबा खाली आला. ती पाणी सोडायच्या नळाशी वाकली, पाणी नदीत गेलं, आणि तिनं दार उघडलं.

दादाच होता. त्याचा तो जुना कोट, टोपी कपाळावर ओढलेली, मान खाली. ती लगेच बोलायला लागली. किती उशीर केलास. टोपी कशाला, इथे काय थंडी आहे? पिशवी कुठाय? विसरलास ना? मला ठाऊक होतं. डॉक्टर थांबणार आहेत का तुझ्यासाठी? बोलता बोलता तिनं त्याचा हात धरला. हात जड होता. भरलेली बादली उचलताना हाताला लागते तसा जड. तो डब्यातून उतरला. उंबरठा चाचपला नाही, पायानं अंदाज घेतला नाही. सरळ उतरला.

धाकटीला वाटलं, म्हणजे एवढं दिसतंय की याला. उगाच नाटकं.

फोन वाजला. तिनं एका हातानं त्याला धरून ठेवलं आणि दुसऱ्या हातानं फोन उचलला. कचेरीतला माणूस असेल, वरून काहीतरी विचारत असेल.

"अगं, घंटा कुणी वाजवली?" दादा म्हणाला. नेहमीसारखाच वैतागलेला. "मी इथे बुटाची नाडी शोधतोय आणि डबा निघून गेला. खाली किती उतरले?"

धाकटी भिंतीकडे बघत राहिली. भिंतीवर दिवाबत्तीचं वेळापत्रक लावलेलं होतं. ते तिनं वाचलं. शेजारी बघितलं नाही.

"धाकटे? किती उतरले?"

"कुणी नाही," ती म्हणाली. "दादा, तू डब्यात बसू नकोस. जिन्यानं ये."

"जिन्यानं? या डोळ्यांनी?"

"कठडा धर. पायरी पायरी बसत ये. मी वर येते तुला घ्यायला. आत्ता निघ."

"काहीतरीच तुझं," दादा म्हणाला. पण त्याचा आवाज सैल पडला होता, खूप दिवसांनी झोप लागलेल्या माणसासारखा. "आज बरं वाटतंय गं मला. बाक रिकामा झाला बघ. सगळे उठून गेले. आणि तुझ्या साहेबांनी माणूस पाठवला, तोही वेळेवर आलाय."

"कुठला माणूस?"

"ब्रेकवर उभा आहे ना. पाठ आहे माझ्याकडे." दादा क्षणभर थांबला. "चांगला स्पष्ट दिसतोय."

त्यालाही कळलं असावं. त्याच्या श्वासाच्या मागे वरची घंटा वाजायला लागली, आणि तीच घंटा धाकटीच्या डोक्यावरही वाजायला लागली. इतक्या वर्षांच्या सवयीनं ती मोजायला लागली. मग तिनं मोजणं सोडलं. घंटा थांबत नव्हती.

समोरचा डबा हलला. दार तिनं लावलेलं नव्हतं, ते उघडंच राहिलं, आणि रिकामा डबा वर निघाला. बाहेर रांगेतले लोक फोटो काढत होते. रिकामा डबा इतक्या वेगानं वर जाताना तिनं आयुष्यात पाहिला नव्हता. वरचा किती भरलाय, हे आता तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"दादा, जिन्यानं ये," ती म्हणाली. फोन लागलेला होता, पण पलीकडे फक्त चाकाचा आवाज होता.

तिनं फोन टाकला आणि जिन्याकडे धावायला निघाली. तिला जाता येईना. शेजारच्यानं तिचा हात धरलेला होता, आणि आता तो आणखी घट्ट धरला, बोटं दुखतील इतका, रस्ता ओलांडताना धरतात तसा.